पासओव्हर मागायला शिकवताना

४ ऑगस्ट, सोमवार

बोलायचं नाही! एक शब्दसुद्धा नाही. कुजबुजायचंही नाही — डॉक्टर म्हणाले, कुजबुजणं त्याहून वाईट. घशातल्या गाठी काढल्या, त्यांचा रिपोर्ट साधा आला, तेवढं एक बरं झालं. "मॅडम, आपने इस गले से बहुत काम लिया है." घ्या! वकिलाने गळ्याने नाही तर कशाने काम करायचं?

महिनाभर पूर्ण मौन. मग घरापुरतं थोडं थोडं. आणि कोर्टाचं दिवाळीनंतर 'बघू'. हे 'बघू' म्हणजे काय, ते विचारायचं होतं. पण विचारणार कशी!

बबन चेहरा पाडून बसलाय, पण आतून खूश आहे. ओळखते ना मी नवऱ्याला. येताना लहान मुलांची मॅजिक स्लेट घेऊन आला — लिहायचं आणि पुसायचं. "तुला इगतपुरीला विपश्यनेला पाठवायचं म्हणत होतो, डॉक्टरने घरातच आर्य मौन दिलं!" आम्ही एका वर्गात शिकलो, म्हणून त्याला अरे-तुरे करते. आज तोंडाशी आलेलं सगळं इथे लिहावं लागतंय. स्लेटवर मावत नाही.

५ ऑगस्ट

शेवंताचं काय करू? दुसरं काही सुचतच नाहीये.

बाकीच्या मॅटरमध्ये तारखा मिळतील. शेवंताची केस फायनल आर्ग्युमेंटला लागली आहे. नवरा फौजेत होता, इथेच दिल्ली कँटोन्मेंटमध्ये आजारपणात गेला. क्वार्टर सोडावं लागलं, पण ही साताऱ्याला परतली नाही. इथे दिल्लीत, आमच्या द्वारकेतच दोन खोल्या घेतल्या, एका शाळेच्या ऑफिसात नोकरी धरली. मुलगा राजवीर तिसरीत आहे. आणि सासऱ्याने — संपतराव — अर्ज टाकलाय की नातू आमच्या ताब्यात द्या, गावाकडे आमच्यात वाढू द्या. कायदा शेवंताच्या बाजूला आहे. पण कायदा आपल्या बाजूला असून हरलेल्या केसेस मी थोड्या बघितल्या नाहीत.

तिला व्हॉट्सअ‍ॅप केलं — आवाज गेलाय, काळजी करू नकोस. उत्तर आलं: "ताई, तुम्ही नाही बोललात तर कोण बोलणार?"

तेच तर!

६ ऑगस्ट

ज्युनिअर हवा. ताबडतोब. पुष्कर होता तोपर्यंत ठीक होतं. तो न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं म्हणून गेला. जाऊ दे, चांगलाच होईल.

मी शनिवारी ज्या कॉलेजात प्रॅक्टिकल शिकवायला जाते तिथल्या ग्रुपवर टाकलं — ज्युनिअर पाहिजे, कोर्टात उभं राहायची तयारी हवी. ढीगभर बायोडेटे आले. सगळ्यांनी मूट कोर्टं — कॉलेजातले लुटुपुटुचे खटले — जिंकलेली! म्हणजे जिंकलं कोण आणि हरलं कोण, हा प्रश्नच आहे.

१० ऑगस्ट, रविवार

आज घरी मुलाखती. मी बायोडेटे वाचत नाही, पासओव्हर मागायला लावते. आपला नंबर पुकारला आणि सीनिअर दुसऱ्या कोर्टात अडकलेले असले तर ज्युनिअरने उभं राहून म्हणायचं — जनाब, मॅटर थोड्या वेळाने घ्या. झालं! पण हे एवढंसं वाक्य भल्याभल्यांना येत नाही. आणि कॉलेजात ते कोणी शिकवतही नाही.

बबन न्यायाधीश झाला. मी बाजूला वाटी-चमचा घेऊन बसले. एक ठोका म्हणजे थांब, दोन ठोके म्हणजे परत म्हण.

दोनच जण लक्षात राहिले. विश्वजित — मोठ्या लॉ स्कूलचा, परदेशात मूट जिंकून आलेला, कडक इस्त्री. उभा राहिला आणि "माय लॉर्ड" पासून जो सुटला! बबन शेवटी म्हणाला, "अहो, पण तुम्हाला हवंय काय?" मी एक ठोका दिला. पण मुलगा हुशार, दुसऱ्या वेळी बरोब्बर म्हणाला. आवाज तर काय सुरेख! हेवा वाटला मला.

दुसरी ममता. ग्रेटर नोएडाच्या कुठल्याशा कॉलेजची, मयूर विहारला राहते. वडील मूळ नांदेडचे, मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. मराठी बोलते, पण अर्धं वाक्य झालं की हिंदीत शिरते. आवाज इतका बारीक की बबनला पुढे वाकावं लागलं. त्याने विचारलं, "तुमच्या वकीलबाई आहेत कुठे?" इथे सगळे ठोकून देतात — दुसऱ्या कोर्टात आहेत, येतच आहेत. ही म्हणाली, "सर, मला माहीत नाही. बघून येते." आणि चक्क बाहेर गेली! मी तेव्हा चहा टाकायला उठले होते. परत येऊन म्हणते, "सर, त्या किचनमध्ये आहेत. पाच मिनिटांत येतील."

बबन इतका हसला की त्याला ठसका लागला. मला हसायचीही बंदी. पोट धरून बसले.

विश्वजितला घ्यायचं ठरवलं. कोर्टात आवाज लागतो.

१२ ऑगस्ट

विश्वजितचा फार नम्र मेसेज. गुडगावच्या एका फर्ममध्ये जातोय. काचेची बिल्डिंग, एसी, शनिवार-रविवार सुट्टी. दोष कसा देऊ?

ममताला कळवलं. पहिली पसंती ती नव्हती, हे सांगितलं नाही.

१६ ऑगस्ट

ममताचं शिक्षण सुरू. मी स्लेटवर लिहिते, ती वाचते, मी पुसते. आजचे धडे — 'आय थिंक' म्हणायचं नाही, तुला काय वाटतं ते कोणी विचारलेलं नाही. न्यायाधीश लिहीत असले की थांबायचं. समोरच्या वकिलाकडे बघून भांडायचं नाही. फाइल तोंडासमोर धरायची नाही.

आवाजासाठी बाल्कनीत उभं केलं. आमच्या सेक्टरवरून विमानं अशी खालून जातात की चाकं दिसतात. ती विमानावर ओरडायला गेली! दोन ठोके. स्लेटवर लिहिलं — विमानाशी स्पर्धा नको. ते जाऊ दे, मग उरलेलं वाक्य पुरं कर. कोर्टात गडबड झाली तरी हेच करायचं.

आणि सगळ्यात खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं — पासओव्हर मागताना खरं तेच सांगायचं. ज्याचा शब्द एकदा खोटा निघतो, त्याला पुढच्या वेळी पासओव्हर मिळत नाही.

हे तिने वहीत उतरवून घेतलं.

२१ ऑगस्ट

ममताने आज आमच्या कारकुनाला, मुन्शीजींना, मोठ्याने हाक मारली. सगळं चेंबर वळून बघायला लागलं. प्रगती आहे!

२८ ऑगस्ट, गुरुवार

धुमसतेय अजून. रागाने. नीट लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

शेवंताची तारीख. आमचं ठरलेलं — ममताने उभं राहायचं, माझं मेडिकल सर्टिफिकेट द्यायचं आणि दिवाळीनंतरची तारीख मागायची. मी मागे बसलेली, काळा कोट, गळ्यात पांढरा बँड, तोंडाला कुलूप.

नंबर पुकारला. संपतरावांचे वकील नाहीत! न्यायाधीशांनी घड्याळ बघितलं. मागच्या दोन तारखांनाही वकीलमहाशय उशिरा आलेले, त्यामुळे आधीच तापलेले होते. "पिटिशनर की तरफ़ से कोई नहीं? बाहर कोई है इनका?" पुकारा करणाऱ्याने दारातून डोकावल्यासारखं केलं आणि मान हलवली. न्यायाधीशांनी पेन उचललं. आता 'डिसमिस इन डिफॉल्ट' लिहिणार, केस बाद! माझ्या बाजूला शेवंताने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

आणि ही बया उभी! "सर, पिटिशनर ख़ुद बाहर बेंच पर बैठे हैं. मैंने देखा है. उनके वकील साहब शायद दूसरे कोर्ट में हैं. पासओव्हर दे दीजिए."

न्यायाधीश बघतच राहिले. "आप किसकी तरफ़ से हैं?"

"सर, दूसरी तरफ़ से."

अख्खं कोर्ट हसलं. मी तिचा कोट मागून ओढत होते — ओढून ओढून शिवण उसवली असेल! ओरडता येत नव्हतं. एवढ्या वर्षांत असं हतबल कधी वाटलं नव्हतं मला.

म्हातारा खरंच बाहेर होता. माजी सैनिक, ताठ बसलेला. वकिलाने सांगितलेलं, "इथेच बसा, मी न्यायला येतो." तर हा बसला! हुकूम म्हणजे हुकूम. वकील धापा टाकत आला. मग न्यायाधीशांनी दोघांनाही झापलं आणि माझं सर्टिफिकेट बघून म्हणाले, दिवाळी वगैरे काही नाही, १८ सप्टेंबर, शेवटची संधी. "मैडम नहीं बोल सकतीं तो ये लड़की बहस करेगी. बोलना तो इसे आता है."

बाहेर आल्यावर ममताला स्लेट दाखवली. एकच शब्द लिहिलेला: का?

ती रडवेली झाली होती, पण म्हणाली, "मॅम, सरांनी विचारलं ना, बाहेर कोणी आहे का. मी बघितलं होतं त्यांना. गप्प बसले असते तर खोटंच झालं असतं ना?"

विचारलं होतं ते आपल्याला नव्हतं, बाई! पुकारा करणाऱ्याला विचारलं होतं. आपण वकील शेवंताचे!

२९ ऑगस्ट

सकाळी शेवंताचा फोन. बबनने स्पीकरवर टाकला. "ताई, काल सगळं संपलं असतं की हो! ती पोरगी आहे तरी कोणाच्या बाजूची? माझी केस तिच्या हातात नको." तिचं काय चुकलं? तिच्या जागी मी असते तर फोन न करता घरीच येऊन भांडले असते.

बबनने विचारलं, "तू ममताच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?" स्लेटवर लिहिलं — गप्प बसले असते. "मग गप्पच तर बसलीस!" आणि उठून भाजी आणायला गेला. या माणसाच्या हातात मी स्लेट का देते?

३१ ऑगस्ट

राग उतरला की डोकं चालतं. डिसमिस झालं असतं तर काय? संपतरावांनी महिन्याच्या आत अर्ज केला असता, 'मी बाहेरच बसलो होतो' म्हणाले असते, खरंच होतं ते. केस पुन्हा उभी राहिली असती. शेवंताचं आणखी एक वर्ष गेलं असतं आणि म्हातारा जास्त पेटून उठला असता.

शिवाय आम्ही तिथे गेलो होतो कशाला? स्वतः सवलत मागायला! माझा आवाज गेला म्हणून दया करा, आणि त्याचा वकील उशिरा आला म्हणून त्याला हाकला. हे लिहिताना बरं वाटत नाही.

तरीही तिने अशिलाला न विचारता उठायला नको होतं. हे मी उद्या तिला लिहून दाखवणार. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

३ सप्टेंबर

विश्वजित चेंबरवर हजर! काचेच्या बिल्डिंगीत दिवसभर करारातले स्वल्पविराम तपासतो म्हणे. कोर्टात उभं राहायला जीव तळमळतोय. कोणीतरी त्याला ती पासओव्हरची गोष्ट सांगितली — गाजली आहे सगळीकडे. "मॅम, १८ तारखेला मी बहस करतो. सुट्टी टाकतो."

तो आवाज! मनात लगेच हो म्हणून टाकलं. ममता कोपऱ्यात फाइलला दोरा बांधत होती. तिने मान वर केली नाही.

शेवटी ठरवलं, रविवारी दोघांनी माझ्या घरी बहस करायची, पूर्ण युक्तिवाद, आणि शेवंताने ऐकायची. मूल तिचं आहे, निवडही तिनेच करावी.

७ सप्टेंबर, रविवार

शेवंता आली, चहा घेतला नाही, खुर्चीच्या टोकावर बसली. राजवीर बबनबरोबर कॅरम खेळायला आत गेला.

आधी विश्वजित. एकही कागद न बघता निवाडे म्हणत गेला. बाळाचं हित सर्वोपरी, आई हीच नैसर्गिक पालक. सगळं बिनचूक. मग संपतरावांवर आला — वय झालेलं, शिक्षण नाही, खेडेगाव, एक अडाणी म्हातारा मुलाला काय देणार? मला त्यात खोट दिसली नाही. मीही असंच म्हटलं असतं, आणखी जोरात.

मग ममता. बहस सुरूच करेना! शेवंतालाच विचारते, "दीदी, राजवीर आजोबांशी फोनवर बोलतो का?"

शेवंता एकदम कडक झाली. "बोलत होता. मी बंद केलं."

"कोर्टात सर हेच आधी विचारतील. का बंद केलं, ते मला सांगाल?"

मग शेवंता म्हणाली, "भीती वाटते. लाडाने बोलावतील, सुट्टीला नेतील आणि परत पाठवणारच नाहीत. मग मी काय करू? माझ्याजवळ दुसरं आहे कोण?" आणि रडली. एवढ्या तारखा झाल्या, माझ्यासमोर ही कधी रडली नव्हती. मी कधी हे विचारलंच नव्हतं. मला कायदा माहीत होता ना!

ममता म्हणाली, "मग कोर्टाकडे आपण तेच मागू. मुलगा तुमच्याकडे राहील. सुट्टीत जाईल. आणि शाळा उघडायच्या आधी परत येईल — हे आजोबांनी सरांसमोर कबूल करायचं. चालेल?"

विमान गेलं. ती थांबली. विमान गेल्यावर परत म्हणाली, "चालेल?"

जाताना शेवंता दारात थबकली. "ताई, ही पोरगीच असू दे." मी भुवया वर केल्या. "त्या पोराने माझ्या सासऱ्यांना अडाणी म्हटलं. भांडकुदळ आहेत ते. हट्टी आहेत. पण अडाणी नाहीत."

१८ सप्टेंबर, गुरुवार

ममताने बहस केली. मी मागे बसून.

आवाज तेवढाच होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला, कारण सगळे गप्प होऊन ऐकत होते. एकदा अडखळली. फाइल बंद केली, श्वास घेतला, पुढे गेली. आई शिकवते, सांभाळते, शाळेतल्या बाई काय म्हणतात — सगळं सरळ. आणि मग, "सर, मेरी क्लाइंट ख़ुद चाहती हैं कि बच्चा छुट्टियों में दादाजी के पास जाए. बस स्कूल खुलने से पहले लौट आए."

न्यायाधीशांनी संपतरावांना पुढे बोलावलं. "वापस भेजेंगे?"

म्हातारा सावधानमध्ये उभा राहिला. "साहब, फ़ौजी हूँ. छुट्टी ख़त्म, तो ड्यूटी पर हाज़िर. मैं कभी लेट नहीं हुआ. पोता भी नहीं होगा."

तिथेच जबाब लिहून घेतला, सह्या झाल्या, अर्ज निकाली. राजवीर आईकडे!

बाहेर संपतराव ममतासमोर येऊन उभे राहिले. मराठीत म्हणाले, "पोरी, त्या दिवशी माझ्यासाठी का उठलीस?" ही म्हणाली, "तुम्ही बाहेर बसला होतात म्हणून, आजोबा." त्यांनी मान डोलावली. शेवंता पुढे आली, पदर सावरून सासऱ्यांच्या पाया पडली, आणि राजवीरचा शाळेतला नवा फोटो त्यांच्या हातात दिला. मला गहिवरून आलं.

आणि खरं लिहायचं तर पोटात दुखलंही. इतकी चांगली बहस माझ्या केसमध्ये, आणि ती मी केलेली नाही. हेवा. दुसरा शब्द नाही. दिवाळीनंतर मी येतेच आहे परत!

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

डॉक्टरकडे. घशात नळी घालून बराच वेळ बघत राहिले. आता मोकळेपणाने बोललं तर चालेल. घरी, फोनवर, चेंबरमध्ये. लांब बहस मात्र नाही.

मी विचारलं — माझ्या आवाजात, खरखरीत, अनोळखी — "कधीपर्यंत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मैडम, ये आवाज़ अब सँभालकर रखिए. कोर्ट में एक-दो वाक्य, बस."

परत येताना मी गाडीत रडले. घराचं वळण आलं तर बबन ते सोडून सरळ गेला, सेक्टरला आणखी एक फेरी मारली. मग म्हणाला, "झालं?" मी म्हटलं, "नाही." आणखी एक फेरी मारली.

६ नोव्हेंबर

ममताला सांगितलं. तिने तारखांची डायरी उघडली. मग म्हणाली, "मॅम, सोमवारी आपले दोन मॅटर एकाच वेळी लागलेत. वरच्या मजल्यावरच्या कोर्टात बहस आहे. खाली कोण उभं राहील?"

मी म्हटलं, बघू.

१० नोव्हेंबर, सोमवार

कोट घातला. बँड बांधला. दोनदा सोडून परत बांधला, पहिल्या दिवसासारखा. खालच्या कोर्टात नवे न्यायाधीश बदलून आलेत, मला ओळखत नाहीत. नंबर पुकारला. उभी राहिले.

"जनाब, ममता मैडम ऊपर बहस कर रही हैं. पासओव्हर दे दीजिए."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. माझे पिकलेले केस बघितले. "आप किसकी तरफ़ से हैं?"

खरं तेच सांगितलं. "उन्हीं की तरफ़ से."